न मागितलेला सत्कार

सरांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माईकवर म्हणाले, "हा मुलगा चोरीच्या गुन्ह्यात दोनदा मुलांच्या निरीक्षणगृहात राहून आलाय. आज आपल्याकडं बी.ए.ला आहे. टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या झाल्या. मी खाली बघत राहिलो. समोर माझा अख्खा वर्ग होता. त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं.

सरांना मीच सांगितलं होतं, त्यांच्या केबिनमध्ये. त्यांनी मायेनं विचारलं. "माझ्यापाशीच राहील," म्हणाले. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. असं विचारणारं कुणी भेटलंच नव्हतं. मग सगळं बोललो. चिकलठाण्यातल्या एका बंद कंपनीतली तांब्याची वायर आम्ही पोरांनी चोरली. सुटून आलो तर शाळेनं दारात उभं केलं नाही. गॅरेजवाल्यानं कळल्याबरोबर काढून टाकलं. "जेवला का रे?" असं जुन्या पोरांनीच विचारलं. त्यांच्यात गेलो. पुन्हा वायर. पुन्हा तिथंच.

हे कारण सरांनी भाषणात सांगितलं नाही. गुन्हा तेवढा सांगितला.

पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये एकाचा मोबाईल सापडेना. रोज माझ्या शेजारी बसणारा म्हणाला, "सत्कारमूर्ती, बॅग दाखवा." सगळे हसले. मी दाखवली. मोबाईल ज्याचा होता, त्याच्याच गाडीच्या डिक्कीत निघाला. सगळे आपापल्या चहाकडं वळले.

त्या संध्याकाळी किरणचा फोन आला. वायर चोरताना तो सोबत होता. "लई दिवस झाले भावा. ये ना जेवायला." मी चप्पल घातली. उंबऱ्यातच थांबलो. भूक नव्हती मला. कुणीतरी बोलवावं, एवढंच हवं होतं. आधीही मी असाच निघालो होतो, ते तेव्हा कळलं. चप्पल काढली.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "शनिवारी बाहेरचे पाहुणे येतायत. तू दोन शब्द बोल."

"मी येणार नाय, सर." मी म्हणालो. "ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. अठराच्या आत गुन्ह्यात सापडलेल्यांचं नाव जाहीर करायला कायद्यानं बंदी हाय."

सर हसले. "असली पोरं शेवटी परत तिथंच जातात."

नाही जाणार. सोमवारी प्राचार्यांसमोर उभा राहून मी सरांची तक्रार करणार आहे. वर्गात कुणी बोललं नाही तरी कॉलेज सोडणार नाही. माझा गुन्हा मी भोगलाय. तो मिरवायचा हक्क मी कुणाला दिलेला नाही.