टिप्याचं दुखणं

"मेल्या, तोंड काय दाखवतंस? ढुंगण दाखव!"

काकी असं ओरडल्या की नळावर आम्ही सगळ्याजणी हसायचो. टिप्या हा दहिसरच्या आमच्या चाळीतला कुत्रा. कुणाचाच नव्हता, म्हणून शेजारच्या काकींचा. तो ढुंगण फरशीवर घासत पुढे पुढे सरकायचा. पोरं म्हणायची, "काकी, तुमचा टिप्या लादी पुसतोय."

"तुझ्या आवशीपेक्षा बरी पुसता तो," काकी म्हणायच्या.

मग त्या त्याची शेपटी वर धरायच्या. खाली कातडी लालभडक, केस गेलेले, चाटून चाटून ओली झालेली. कडुलिंबाचा पाला उकळून, ते पाणी कोमट करून त्या जुन्या साडीच्या फडक्याने ती जागा धुवायच्या. मी नाक दाबायचे. "नाक काय दाबतंस गो? तुझं काय सोन्याचं आहे?"

घासणं थांबेना, तेव्हा आम्ही दोघींनी त्याला रिक्षात घालून प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे काकींनी सगळं मोठ्या आवाजात सांगितलं. कधीपासून घासतो, शी करताना कसा विव्हळतो, रक्ताचा ठिपका कुठे दिसला. बाकावरची माणसं तोंड फिरवून हसली. मी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी हातमोजा घालून शेपटीखालच्या दोन लहान पिशव्या दाबल्या. तुंबलेली घाण बाहेर आली.

"वेळेवर आणलंत," ते म्हणाले.

"मुक्या जनावराचं आपणच बोलूक व्हया," काकी म्हणाल्या.

तुमच्याही चाळीत अशी एखादी बाई असेल. कशाचीच लाज नाही, असं आपल्याला वाटतं.

दिवाळीच्या आधी एका पहाटे काकी सगळ्यांच्या आधी नळावर परकर धुताना दिसल्या. पाणी लाल होतं. त्यांची पाळी जाऊन वीसेक वर्षं झाली असतील.

"काकी, हे कुठून जातंय?"

"तिकडून." त्यांनी परकर पिळला. "उष्णता आहे. कुणाला बोललीस तर माझी शपथ."

त्यांच्याकडे स्वतःसाठी 'तिकडून' एवढाच शब्द होता. माझ्याकडे तेवढाही नव्हता.

मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर तरुण, माझ्या मुलाएवढा.

"काय होतंय, आजी?"

"कंबर दुखते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली लादीकडे बघितलं. गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. पुढे आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा कंबरच.

शिमग्यापर्यंत काकी अर्ध्या झाल्या. एके दिवशी मोरीत पडल्या. साडी रक्ताने भिजली होती. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि खाटेपाशीच विचारलं, "आत गाठ खूप वाढलीय. रक्त कधीपासून जातंय?"

 काकींनी चादर दोन्ही मुठींत धरली.

"दिवाळीच्या आधीपासून," मी म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

मी मान डोलावली. तुम्ही म्हणाल, शपथ मोडली ते बरं केलं. पण कधी मोडली, ते बघा.

काकींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. नऊ दिवस मी पेजेचा डबा नेत होते. विरारहून आलेली त्यांची सून त्यातली पेज भरवायची. काकींनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

दहाव्या दिवशी त्या खाटेवर दुसरी बाई होती. डबा गरम होता. मी तो तसाच परत आणला.