दर्याला दिलेला नारळ

हसायचं तर हसा, पण चहा आधी संपवा. नाकातून येईल.

माझी कन्या सई हल्ली माझ्याशी बोलते ती वायफाय बंद पडल्यावरच. ती स्कूबा शिकली आणि एक दिवस चक्क म्हणाली, "बाबा, कम विथ मी. बट डोन्ट एम्बॅरस मी, नाहीतर परत नेणार नाही." मी लगेच कोर्स केला. पोरीसाठी बाप काय नाही करत?

इथे आखातात फुजैराच्या समुद्रावर निघणार, तोच अलिबागहून आईचा व्हिडिओ कॉल. "दर्यात उतरतोस आणि नारळ देणार नाहीस? डोकं ठिकाणावर आहे ना?" झालं. शेंडीवाला नारळ, वर हळदकुंकू, बोटीवर गुपचूप डायव्हिंगच्या जॅकेटच्या आत पोटाशी खोचला. कुणाला संशयही आला नाही. ढेरीचे असेही उपयोग असतात.

पाण्यात उतरलो तर बुडेचना. इजिप्शियन इन्स्ट्रक्टरने माझ्या पोटाकडे बघून मान हलवली. "हबीबी, टू मच बिर्याणी." कमरेला शिशाची आणखी वजनं अडकवली. "यल्ला," म्हणजे चला. गेलो खाली.

खाली बुडालेलं जहाज. जानेवारीचं पाणी, तोंडातल्या हवेच्या नळीवर दात वाजतायत, पण काय ते दृश्य! डेकवर प्रवाळ उगवलेलं, आणि केबिनच्या खिडकीतून एक हमूर मासा सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा बघत होता. सईची पाठ वळलेली पाहून मी हात जोडले आणि नारळ सोडला.

आता नारळ पाण्यात तरंगतो हे अलिबागच्या माणसाला कुणी शिकवायला हवं का? पण ऐन वेळी नाही सुचलं. नारळ सुसाट वर, आणि मी जादा वजनांसकट धप्पकन डेकवर.

वर बोटीवर कॅप्टन दापोलीचे बशीरभाई. त्यांना पाण्यात जेमतेम चार केसांचं डोकं दिसलं. हाक मारली, उत्तर नाही. रिंग टाकली, धरली नाही. शेवटी लोखंडी शिडी बडवून त्यांनी सगळ्यांना वर बोलावलं. मला तर दोघांनी ओढून आणलं. डोकी मोजली. सगळे हजर, आणि एक जास्त.

बशीरभाईंनी जाळीने नारळ काढला. धुऊन उरलेलं हळदकुंकू अजून चिकटलेलं. "हा कोणाचा?"

मी आभाळाकडे बघू लागलो.

"साहेब, लांबून मला वाटलं तुम्हीच," ते म्हणाले. "टकलावर तेवढेच केस. हाकसुद्धा तुमच्याच नावाने मारली."

सईने हळदकुंकवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संपलं, ही काही मला परत न्यायची नाही.

"इट्स ओके, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "नेक्स्ट टाइम आय विल टेक द कोकोनट. ॲट लीस्ट इट कम्स अप ऑन इट्स ओन."