खुर्चीवर ठेवलेला पाय

खुर्चीवर जुना पेपर अंथरला आणि त्यावर माझा डावा पाय ठेवायला लावला. अंगठ्याजवळचं बोट कापलेलं. पाहुणे डॉक्टर पेनाच्या टोकानं जागा दाखवत होते. वीस-पंचवीस माणसं वाकून पाहत होती. एका बाईनं नाकाला पदर लावला. जखम कधीच सुकली होती. वास कसला येणार.

"चूक कोणाची?" डॉक्टरांनी विचारलं. मला नाही, त्यांना.

"अनवाणी फिरतात हे लोक. सांगितलेलं डोक्यात शिरत नाही," मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

वर्ध्यातली ही साखरेच्या पेशंटांची सभा. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. दवाखान्याच्या भिंतीवर कागद लावलेला, मधुमेही मंडळ, दर महिन्याला सभा, सर्वांनी यावे. मी चौथी पास. अक्षर अक्षर लावून वाचलं. एक बोट गेलं होतं, पाय जाऊ द्यायचा नव्हता. हा रोग घेऊन कसं जगायचं हे सांगणारं घरी कोणी नव्हतं. सून म्हणायची, मोठ्या घरचा रोग लावून घेतला. म्हणून भाजीची टोपली बाजारात शेजारणीजवळ ठेवली आणि गेले.

बोट गेलं ते माझ्याच चुकीनं. खोटं कशाला बोलू. आमच्यात पेरलेल्या वाफ्यात चप्पल घालून जात नाहीत. मेथीला पाणी देताना बाभळीचा काटा रुतला. साखरेनं पाय बधिर झालेला. चार दिवस कळलं नाही. बोट काळं पडलं तेव्हा दवाखाना. तिथल्या सिस्टरनं बजावलं, आता घरातसुद्धा अनवाणी राहायचं नाही. मी ऐकलं. नव्या चपला घेतल्या, त्याच घालून सभेला गेले. दारात अध्यक्षबाईंनी अडवलं. मातीनं भरलेल्या चपला बाहेर काढ म्हणाल्या. आत सगळे बूट-चपला घालून बसलेले. मी काढल्या. का काढल्या, याचा राग अजून जात नाही. त्यांच्यावर आहे, त्याहून जास्त माझ्यावर.

मी पाय खुर्चीवरून खाली घेतला.

"डाक्टरसाहेब, आज मले अनवाणी कोनं केलं ते या बाईले विचारा. चपला दारात हायेत माह्या."

अध्यक्षबाईंनी चहा आणायला सांगितला. मी बाहेर पडले.

चहा वाटणारी बाई माझ्यामागे पायरीवर आली. झाडलोटही तीच करायची.

"माय, मले बी साखर हाये. तीन वर्सं झाली."

"मंग आत काऊन नाई बसत?"

"मी बसली तं चाय कोन देईन त्याईले?"

तीन वर्षं ती साखरेच्या पेशंटांना बिनसाखरेचा चहा देत होती. तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. मी म्हटलं, पाय दाखव. टाचेच्या भेगेत खडा रुतलेला होता. तिला पत्ताच नव्हता. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही. दुसरं माणूस लागतं.

पुढच्या बाजारापासून आम्ही दोघी भाजीबाजारात टिनाच्या छपराखाली बसू लागलो. मग मिरचीवाली आली. दोन हजार साल उलटलं तोवर अकरा जणी झालो. एकमेकींचे तळवे पाहायचे, गोळी चुकवली तर शिव्या द्यायच्या. मिरचीवाली म्हणायची, "नवऱ्यानं कदी पाय पाह्यला नाई, अन् तू पाहून राह्यली." सगळ्यांचं भलं झालं असं नाही. एकीनं फोड लपवला. तिचा पाय गुडघ्यापासून गेला.

मग मंडळाचा निरोप आला. तुमच्या बायका घेऊन या, कार्यक्रम ठेवू, फोटो काढू. मी सांगून पाठवलं, येणार नाही. आमचे पाय कोणाला दाखवायचे ते आम्ही ठरवू. ज्याला पाहायचे असतील त्यानं टिनाखाली यावं, खाली बसावं आणि आधी आपला तळवा पुढे करावा. अजून तिकडून कोणी आलं नाही. आम्ही वाटही पाहत नाही.

हे माझ्यावर गुजरलं. मी भाजी पिकवणारी, चौथी शिकलेली म्हातारी.