चारुभावजींची निवड

मला बंदुकीचा तिटकारा आहे, हे आधीच सांगून टाकते. अमेरिकेतल्या अर्विंगला येऊन अकरा वर्षं झाली, तरी काचेखाली मिठाईसारखी मांडलेली पिस्तुलं बघितली की मी तोंड फिरवते. आणि माझ्या नवऱ्याचा, रवींद्रचा, सगळ्यांत जवळचा मित्र कोण, तर चारुदत्त खांबेटे. दर शनिवारी सकाळी शूटिंग रेंजवर जाऊन कागदाला भोकं पाडणारा माणूस. "पाडा भोकं," मी म्हणायची, "एवढं शिकून इथे तेच करायला आलात ना!"

ते नुसते हसायचे. नागपूरला कॉलेजात एनसीसीत असताना त्यांनी पाच गोळ्या झाडल्या होत्या, मोजून पाच, आणि तेव्हापासून हे खूळ डोक्यात बसलेलं. ग्रीन कार्ड हातात आल्यावर, २००१ साली, पहिली रायफल घ्यायची ठरली, तर तीन महिने दुकानं पालथी घातली. मी लग्नाचा शालू घ्यायला एवढा वेळ लावला नव्हता. फार हलकी नको, नेम हलतो. काळं प्लास्टिक नको, हाताला मेलेलं लागतं. शेवटी अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेली, लहान गोळीची एक रायफल घरी आली. तेव्हा त्यांची बायको शरयू मला म्हणाली, "मला बघायला आले तेव्हा अर्ध्या तासात हो म्हणाले होते गं, सुवर्णा!" नंतर एक रिव्हॉल्वर घेतलं, त्यालाही दीड महिना. मूठ बोटांत नीट बसत नाही म्हणून नऊ परत ठेवली. दोन्ही तिजोरीत कुलूपबंद, किल्ली गळ्यात. आणि नेम चांगला लागलेला कागद तारीख घालून फ्रिजवर, जिथे बाकीच्यांच्या घरी मुलांची चित्रं असतात. त्यांना मूल नव्हतं.

रेंजवर एक नियम होता. एकट्या माणसाला बंदूक भाड्यानं देत नाहीत, सोबत कुणीतरी लागतं. मी एकदा विचारलं, असं का हो? भावजी म्हणाले, "वहिनी, एकटा आलेला माणूस कधी कधी कागदावर नेम धरायला आलेला नसतो."



२००२ मध्ये इकडच्या टेलिकॉम कंपन्यांनी माणसं काढायचा सपाटा लावला होता. तेव्हा संजीव नावाच्या एका ओळखीच्या माणसाचा त्यांना फोन आला, रेंजवर सोबत याल का म्हणून. भावजी गेले. काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, कुठली देऊ? संजीव म्हणाला, "एनी वन इज फाइन." भावजींनी तिथल्या तिथे त्याचा दंड धरला, बाहेर काढला आणि इंडियन ग्रोसरीतल्या मागच्या टेबलावर चहा पाजत संध्याकाळपर्यंत बसवून ठेवला. तेव्हा कुठे तो रडला. "हौशी माणूस शंभर प्रश्न विचारतो हो," भावजी आम्हाला सांगत होते. "वजन किती, धक्का किती बसतो. ज्याला कुठलीही चालते ना, तो शूटिंगला आलेला नसतो." संजीव आता पुण्यात असतो आणि दर दिवाळीला फोन करतो.

शरयू २००७ च्या सप्टेंबरात गेली. कॅन्सर. जायच्या आधी महिनाभर तिनं नवऱ्याच्या मागे लागून रायफल आणि रिव्हॉल्वर दोन्ही विकायला लावलं. मला जवळ बोलावून म्हणाली, "मी होते तोवर ठीक होतं. आता तू लक्ष ठेव." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं? डबे पाठवले, फोन केले, रविवारी जेवायला बोलावलं. ते यायचे, जेवायचे, स्वतःचं ताट धुवायचे, जायचे. फ्रिजवरचे सगळे कागद त्यांनी काढून टाकले होते. ते डोळ्यांनी बघितलं, तरी माझ्या मठ्ठ डोक्यात काही शिरलं नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी त्यांचा फोन आला. "वहिनी, रेंजवर येता का? रवींद्र टूरवर आहे, आणि माझी स्वतःची आता नाही. सोबत लागेल." खरं सांगते, मला आनंद झाला. सहा महिन्यांनी माणूस आपणहून घराबाहेर पडतोय! तिटकारा गेला खड्ड्यात. मी भराभर थालीपिठं लावली, दह्याचा डबा घेतला. गाडीत सगळी बडबड माझीच चालली होती.

काउंटरवर तोच म्हातारा. त्यानं भावजींना ओळखलं, शरयूबद्दल सॉरी म्हणाला आणि काचेखालच्या पिस्तुलांकडे हात करून विचारलं, आज कुठलं काढू?

भावजींनी काचेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एनी वन इज फाइन," ते म्हणाले.

म्हातारा खाली वाकला होता. मी दोन्ही हात त्या काचेवर आपटले. "नो!" मी केवढ्यांदा तरी ओरडले. "नो गन फॉर हिम! ही इज नॉट वेल!" आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. म्हाताऱ्यानं एक शब्द विचारला नाही, कपाटाला कुलूप घातलं. भावजी माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, नुसते दमलेले. मी त्यांचा दंड धरला आणि बाहेर काढलं.

गाडीत मी त्यांना वाट्टेल ते बोलले. दगाबाज म्हटलं. "मला नेलंत सोबतीला? माझ्या देखत? शरयूला मी काय तोंड दाखवलं असतं?" मी रडत होते आणि बोलत होते. ते सीटबेल्टचं टोक हातात धरून बसले होते, लावायचं त्यांना सुचत नव्हतं. मीच लावला. संजीवची गोष्ट मला ठाऊक असताना त्यांनी मलाच का नेलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

दोन महिने झाले, ते आमच्याकडेच आहेत. आमचा मुलगा वेदांत बाहेरगावी कॉलेजला गेल्यामुळे त्याची खोली रिकामीच होती. डॉक्टर चालू आहे, औषधं चालू आहेत. फरक पडेल म्हणतात. मला अजून दिसत नाही. रोज सकाळी मी विचारते, "भावजी, चहा की कॉफी?"

"काहीही चालेल, वहिनी."

"काहीही नाही," मी म्हणते, "काय हवं ते सांगा." रवींद्र म्हणतो, अगं सोड ना, दे चहा. मी सोडत नाही. ते भिंतीकडे बघत बसतात. ऑफिसला उशीर होतो, तरी मी रिकामं भांडं हातात धरून तिथेच उभी राहते.