जाऊबाईंचा बँड

माझा नातू मित्राशी फोनवर तास तास भांडत असतो. कुणाचा गायक भारी, कोण नुसताच गाजवलेला, कुणाची जुनी गाणी बरी होती आणि आता कसा बिघडला. त्याची आई रागावते. मी नाही रागावत. मला त्याच्या आवाजात माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज ऐकू येतो.

आमचं घर सेलूकडच्या एका खेड्यात, ऐन मारुतीच्या वाटेवर. गावात कुणाचंही लग्न असो, नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला की आमच्या ओट्यापुढूनच जाणार. म्हणून लग्नसराईत आम्ही दोघी जावा दुपारचं काम ओट्यावरच काढायचो. सुपात तूर नाहीतर जवारी, हात खड्यांवर आणि कान रस्त्यावर. लांबून ढोलाचा पहिला ठोका आला की जाऊबाई डोकं न उचलता सांगायच्या, "सेलूचा हाय." किंवा तोंड वाकडं करून म्हणायच्या, "आला तुझा वालूरचा."

वालूरचा बँड माझा आणि सेलूचा त्यांचा. कधी आणि कसं ठरलं ते देवाला ठाऊक, पण ठरलं ते ठरलं.

सेलूच्या बँडाचा थाट मोठा. लाल कोट, त्यावर सोनेरी पट्ट्या, टोपीवर तुरा. पुढं एक सजवलेला हातगाडा, त्यावर भोंगे, आणि बोटांनी वाजवायची ती इलेक्ट्रिकची पेटी. एकच माणूस माईक धरून पुरुषाच्या आवाजात एक ओळ म्हणायचा आणि लगेच बाईच्या आवाजात दुसरी. जाऊबाई त्या माणसावर बेहद्द खूश. मी म्हणायची, "बाई, नुसता पोशाख हाय. भोंगे काढून घ्या, मग बघू काय उरतंय."

माझ्या वालूरच्या बँडातली माणसं वयस्कर. कोटाला गुंड्या असल्या तर असल्या, एकाच्या पायात बूट तर दुसऱ्याच्या पायात चप्पल. पण त्यांचा मास्तर क्लारनेट वाजवायचा. डोळे मिटून, मान जराशी कलती करून. तो सूर लांबवायला लागला की माझा हात सुपातच थांबायचा. जाऊबाईंना ते दिसायचं. "झाली बया खडे खाऊ घालायला मोकळी," असं म्हणून त्या माझं सूप ओढून घ्यायच्या. मास्तरच्या डोळे मिटण्यावरही त्यांचा राग होता. एखाद्या दिवशी हा माणूस म्हशीवर जाऊन पडंल आणि नवरदेव त्याच्यावर, असं त्या पोटतिडकीनं सांगायच्या.

घरात थोरल्या भाऊजींचा टेपरेकॉर्डर होता, त्याच्यावरूनही आमचं असंच. जाऊबाईंना कव्वालीची एक क्यासेट आवडायची, मला भारुडाची. सेल संपत आले की आम्ही ते उन्हात वाळत घालायचो, म्हणजे अजून थोडा वेळ चालायचे, आणि तेवढ्या वेळात कुणाची क्यासेट लावायची यावर वाद. पण क्यासेटचा वाद घरातल्या घरात मिटायचा. बँडाचा कधी मिटला नाही.

जाऊबाई माझ्या बँडाला नावं ठेवायच्या, पण एका गोष्टीसाठी माझ्यावर चिडायच्या. त्या मला विचारायच्या, "तुझ्या लग्नात वालूरचाच होता न्हवं? काय वाजिवलं त्यांनी?" मी खरं सांगायची की मला ऐकूच आलं नाही. कपाळाला मुंडावळ्या, अंगावर जड लुगडं, घाम डोळ्यात येतोय, सगळं गाव बघतंय. मी आपली पायाखाली बघत चालले. बँड वाजला असेल, पण माझ्या कानात काही शिरलं नाही. त्यावर त्या कपाळाला हात लावायच्या. "बँड असून ऐकला न्हाईस. कसली गं तू."

पुढं पुढं मला वाटायला लागलं, म्हणूनच मी त्या मास्तरचा सूर इतका कान देऊन ऐकते. आपल्या लग्नात वाजलेलं आणि आपल्याला न ऐकू आलेलं काहीतरी मी दुसऱ्यांच्या लग्नांत शोधत बसते.

आणि जाऊबाई? त्यांचं लग्न झालं दुष्काळाच्या साली. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. देवळात अक्षता टाकल्या, कोरभर भाकरीचं जेवण, आणि नवरा-नवरी एस.टी.त बसून आमच्या गावात आले. गाडी फाट्यावर थांबली. ड्रायव्हरला कुणीतरी सांगितलं की नवी नवरी आहे, तर त्या भल्या माणसानं चांगला लांब हॉर्न वाजवला. "त्योच माझा बँड," असं जाऊबाई सांगायच्या आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी हसायच्या. आम्हीही हसायचो. माझ्या लग्नात दोन वर्षांनी चांगला बँड लागला, तो मला या दारापर्यंत वाजवत आला, तेव्हा माझं स्वागत करायला दारात त्याच उभ्या होत्या, ओवाळणीचं ताट घेऊन. तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल, हे मला पुष्कळ वर्षं सुचलंही नाही.

मधे एक वर्ष असं गेलं की आम्हाला भांडायलाच काही नव्हतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला ते वर्ष. गावागावात मनं फाटली, दलितांच्या वस्त्या जळाल्या. वालूरच्या मास्तरनं त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या गावात पाऊल टाकलं नाही. तो त्याच वस्त्यांतला, त्यानं का टाकावं? त्या साली लग्नं लागली ती नुसत्या ताशावर. आम्ही ओट्यावर सूप घेऊन बसायचो आणि नुसते खडे निवडायचो. एका दुपारी जाऊबाई म्हणाल्या, "तुझा मास्तर बरा असंल न्हवं?" त्याला नावं ठेवणारी बाई ती. पुढच्या का त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात क्लारनेट पुन्हा वाटेवर ऐकू आला, तेव्हा जाऊबाईंनी तूर तशीच टाकली, घरातून तांब्या भरून आणला आणि स्वतः रस्त्यात उतरून त्या माणसाला पाणी दिलं. परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, कोट मात्र अजून तोच हाय मेल्याचा.

तर आमचं असं चाललेलं असताना माझी लेक लग्नाला आली. नामांतर व्हायच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्याकडं लग्न मुलीच्या दारात, तेव्हा बँडही मुलीकडचा. घरात शेवया करायला बसलो होतो. मी शेवया पसरत होते, जाऊबाई वळत होत्या, आणि मी बोलता बोलता सहज म्हणाले की बँड वालूरचाच सांगावा लागेल. मला वाटलं, आता नेहमीसारखं सुरू होईल. म्हैस येईल, गुंड्या येतील.

जाऊबाईंनी हातातला पिठाचा उंडा खाली ठेवला. "तुझी लेक, तुझा बँड," त्या हळू म्हणाल्या. "मला काय कळतंय त्यातलं. मी तर या घरात बँडाबिगर आले."

हेच वाक्य त्यांनी किती वेळा हसून सांगितलं होतं. त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. उंडा उचलला आणि पुन्हा वळायला लागल्या. माझ्या लेकीला त्यांनीच न्हाऊमाखू घातलेलं, ती त्यांना मोठी आई म्हणायची, आणि मी तिच्या लग्नाचा बँड एकटीनं ठरवून मोकळी झाले होते. त्यानंतर आम्ही दोघींनी बँडाचा विषयच काढला नाही.

रात्री मी ह्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, देवकाला थोरल्यांना बसवायचं. आमच्याकडं लग्नाच्या सकाळी देवक बसवतात. त्यासाठी घरातलं एक जोडपं कुंभाराच्या घरून मातीची मडकी आणायला जातं. नवऱ्याच्या उपरण्याला बायकोच्या पदराची गाठ मारतात, वर चौघी बायका कापड धरतात, आणि पुढं बँड. नवरा-नवरीसारखीच मिरवणूक असते ती. बहुतेक वेळा मुलीचे आईबाप बसतात, पण थोरल्यांचा मान मोठा. हे लगेच हो म्हणाले. दुसरी गोष्ट, बँडाचं मी बघते, तुम्ही त्यात पडू नका. ह्यांना काय, एक काम कमी झालं. मी माझ्या सेलूच्या भावाला निरोप धाडला की लाल कोटवाला बँड सांगून ठेव, भोंग्यासकट, पेटीसकट, आणि दोन्ही आवाजात म्हणणारा तो माणूस आलाच पाहिजे. माझ्या कानाला काय वाटायचं ते वाटो. जाऊबाई जन्मात एकदा बँडामागं चालणार होत्या, तर तो त्यांच्याच आवडीचा असावा.

देवकाचं सांगितलं तर त्या ऐकेनात. आईबापानं बसावं, आमी कशाला, असं दोन दिवस चाललं. शेवटी लेकीनं त्यांचा पदर धरून सांगितलं तेव्हा कबूल झाल्या.

लग्नाच्या दिवशी पहाटे पहिल्या गाडीनं वालूरचा मास्तर आपली माणसं घेऊन उतरला. दारात येऊन रामराम घातला आणि क्लारनेट पुसायला लागला. मी हळदीच्या हातानं तशीच बाहेर आले. मला वाटलं, चुकून आला बिचारा. आता ह्याला काय सांगावं? तेवढ्यात सेलूकडून टेम्पो आला, त्यातून लाल कोट उतरले, हातगाडा उतरला, भोंगे उतरले. जाऊबाई आतून बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"ह्यांना कुणी बोलिवलं?" त्या मला विचारायला लागल्या.

"मी. तुमाला आवडतंय म्हणून. आन वालूरच्यांना?"

त्या माझ्याकडं बघेनात. मग थोरल्या भाऊजींनीच खाकरून सांगितलं की वालूरच्या बाजाराला गेलो तेव्हा हिनं सांगायला लावलं होतं, धाकटीला कळू देऊ नका म्हणाली.

आमच्या ह्यांनी एकदा इकडच्या कोटांकडं बघितलं, एकदा तिकडच्या, आणि शांतपणे म्हणाले, "लगीन एकाच पोरीचं हाय न्हवं?"

मांडवातले लोक हसले, पण दोन्ही मास्तर हसेनात. आधी कोण वाजवणार यावर तिढा. सेलूवाला म्हणाला, आमी टेम्पो करून आलोत. वालूरवाला म्हणाला, मी या घरची आई आणलीय वाजवत, आता तिची लेक बी मीच काढणार. त्याच्या ते ध्यानात होतं. मी तर त्याच्याशी आयुष्यात चार शब्दही बोलले नव्हते.

मी म्हणाले, कुंभाराकडं दोघंबी चला. नवरदेव यायचा तवा येईल. आता माझी जाऊ निघायलीय.

जाऊबाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं. गाठ माझ्याच हातानं मारली. थोरले भाऊजी इतके लाजले होते की उपरणं सारखं सावरत होते. वर कापड धरलं, त्याचा एक कोपरा माझ्या हातात. जाताना दोन्ही बँड आळीपाळीनं वाजवत गेले, एकमेकाला खाऊ की गिळू असे. पण कुंभाराची गल्ली अरुंद. सेलूचा हातगाडा तोंडाशीच अडकला, पुढं येईना. वालूरचा मास्तर तेवढा आपल्या माणसांसकट आत आला. मडकी घेऊन आम्ही माघारी निघालो तेव्हा आतून क्लारनेट निघाला आणि गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या त्या दोन आवाजांच्या माणसानं तेच गाणं ओळखून माईकवर धरलं. इकडं सूर, तिकडं शब्द. एक ओळ हा वाजवायचा, एक तो म्हणायचा. ढोलवाल्यांनीही मग आपसात जमवून घेतलं. पोरंबाळं भिंतीवर चढून बघायला लागली. मास्तरनं डोळे मिटलेले होते, आणि त्या दिवशी तरी वाटेत म्हैस नव्हती.

मी जाऊबाईंकडं बघत होते. डोक्यावर मडकं, एक हात वर त्याला लावलेला, नजर खाली. भाऊजी जरा भरभर चालायला लागले तशी गाठ ताणली गेली. त्या एवढंच म्हणाल्या, "हळू चला की." भाऊजी हळू झाले. सगळी मिरवणूकच हळू झाली. गल्ली ती केवढीशी, पण सरता सरेना, आणि कुणाला घाईही नव्हती.

पुढचं लग्न सगळ्यांच्या लग्नासारखं झालं. संध्याकाळी लेक गेली. रडून झालं, मांडव रिकामा झाला. दोन्ही बँडवाले एकाच पंगतीला जेवून निघून गेले. आम्ही दोघी ओट्यावर येऊन बसलो, चहा घेऊन. जाऊबाईंच्या पदराला गाठीच्या चुण्या पडल्या होत्या, त्या बोटांनी सारख्या करत होत्या, पण अगदीच पुसून टाकाव्यात असंही त्यांच्या मनात दिसेना.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, बाई, आता खरं सांगा. आयुष्यभर भांडलो, आज दोन्ही एका जागी वाजले. कोण सरस?

त्या चुण्यांवरून बोट फिरवत राहिल्या. चहा गार झाला.

"मला काय ऐकूच आलं न्हाई गं," त्या म्हणाल्या.

"बँड असून ऐकला न्हाईस" हे त्यांचंच वाक्य मला परत करता आलं असतं, त्यांनीही वाट बघितली थोडी. मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता लेकीच्या आठवणीनं पुन्हा रडलो.

पुढच्या लग्नसराईत आम्ही परत ओट्यावर, परत सूप. भांडण चालूच. पण आता क्लारनेटचा सूर वाटेवर आला की जाऊबाईंचाही हात थांबायचा. नवरदेव पुढं निघून जाईपर्यंत त्या कान देऊन बसायच्या आणि मग हळूच विचारायच्या, "त्या दिशी हेच वाजिवलं होतं का गं?"

मी म्हणायची, हो बाई, हेच. मग गाणं कुठलंही असो.