पाझर म्हणून सही केलेली गाडी

मी सैन्यात चोवीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. हुद्दा हवालदार, गाव कुंभार पिंपळगाव, जिल्हा जालना. शेवटच्या पोस्टिंगला आमचं युनिट जालन्यापासून दोन तासांवर होतं, म्हणून गावातले लोक चिडवायचे की हा फौजेत नाही, तालुक्याला नोकरीला आहे.

आमच्याकडे रोज सकाळी मेंटेनन्स परेड होते. रात्री प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवायचा आणि सकाळी त्यावरचे डाग बघायचे. इंजिन नुसतं तेलानं ओलं दिसलं तर रजिस्टरला ‘सीपेज’ लिहायचं, म्हणजे पाझर. पुठ्ठ्यावर थेंब पडलेला असला तर ‘लीकेज’, म्हणजे गळती. पाझरणारी गाडी ड्यूटीवर जाते, गळणारी वर्कशॉपमध्ये. कोणती गाडी कुठे जाणार, हे मेकॅनिकच्या सहीवर ठरतं.

त्या दिवशी सकाळी पाच वाजता आदेश आला. गोदावरीला पूर, जालना जिल्ह्यात एक कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, पाठवायचा. एक ट्रक, एक हलकी फोर बाय फोर आणि तिच्यामागे ट्रेलरवर बोट. माझा भाग म्हणून मेजर साहेबांनी माझं नाव घातलं. पाच वीसला मी हलक्या गाडीखाली गेलो. पुठ्ठ्यावर तीन थेंब होते, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाच्या बरोबर खाली.

तिथून तेल येतं ते बहुतेक एकाच कारणानं. क्रँकशाफ्ट हा इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा. तो मागून जिथं बाहेर निघतो तिथं बांगडीएवढी रबरी रिंग बसवलेली असते. हेच ऑइल सील. ते झिजलं की तेल क्लचवर जातं. रिंग हलकी, पण बदलायची तर अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. तीन-चार तासांचं काम. गाडी नापास केली असती तर दुसऱ्या वर्कशॉपची गाडी आणि मेकॅनिक गेला असता आणि मी मागे राहिलो असतो. माझा जिल्हा पाण्यात होता आणि मला जायचं होतं. मी तळ चिंधीनं पुसला, पुठ्ठा फेकला आणि लिहिलं, ‘सीपेज, चालेल.’ खाली सही केली.

आठ वीसला आम्ही गोदाकाठच्या गावात पोचलो. डांबरी रस्ता तिथं संपत होता. पुढे अडीच किलोमीटर काळ्या रानातली वाट, मग पाणी. पाण्यापलीकडे वस्तीवरच्या समाजमंदिराच्या गच्चीवर एकोणीस माणसं अडकली होती. इमारतीची एक भिंत रात्रीच तडकली होती. ट्रक त्या चिखलात जाणार नव्हता. गावातले दोन्ही ट्रॅक्टर पाण्याखाली होते. बोट न्यायला फक्त आमची हलकी गाडी होती.

आठ पन्नासला ती शंभर पावलांवर थांबली. इंजिन किंचाळत होतं, चाकं हलत नव्हती. जळका वास आला. क्लच तेलानं घसरत होता, इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचत नव्हता. तीस माणसांनी ट्रेलर ओढून पाहिला, तो जागेवरच रुतला. इंजिनासकट बोट उचलून त्या चिखलातून अडीच किलोमीटर नेणंही शक्य नव्हतं.

मेजर साहेब माझ्याजवळ आले.

“कितना टाइम?”

“तीन घंटे, साब.”

“शुरू करो.”

बोटीवरचा जवान होता लान्स नायक रघुनाथ, वाटूरचा. साडेपाच फूट उंची आणि पाण्यात माशासारखा. युनिटमध्ये जालन्याचे आम्ही दोघंच, म्हणून मला तो दादा म्हणायचा. त्यानं साहेबांकडे परवानगी मागितली. कमरेला दोरी, अंगात लाइफ जॅकेट, डोक्यावर प्लास्टिकमध्ये बांधलेला रेडिओ सेट. चिखलातून पाण्यापर्यंत चालत गेला आणि नऊ पस्तीसला पोहून गच्चीवर पोचला. दोरी धरून तीन तरुण अलीकडे आले. मग धार वाढली. सोळा जण उरले, बायका, म्हातारी माणसं, लेकरं. त्यांना बोटीशिवाय आणणं शक्य नव्हतं.

ड्रायव्हर, दोन जवान आणि मी गाडीखाली होतो. गिअरबॉक्स लाकडाच्या ओंडक्यावर उतरवला. क्लच काढला, त्यामागचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील काढलं. दहा पंचविसाला जुनं सील हातात आलं. त्याची कड लाकडासारखी टणक झाली होती. स्पेअर आणलं नव्हतं. पाझराला कोण स्पेअर आणतो?

वडीगोद्रीला हायवेवर स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. मालक मारवाडी, चार पिढ्या तिथलेच. गावातल्या एकानं फोन लावून दिला.

“तीन आकडे सांगा हवालदार साब. आतला, बाहेरचा अन् जाडी.”

मी सीलवरचे आकडे वाचले. “शेठजी, रस्त्यावर पाणी आलंय.”

“ते माझ्यावर सोडा. तुमी साफसफाई करून ठेवा.”

अकरा पाचला ते स्वतः मोटारसायकलवर आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. बनियनच्या खिशातून दोन सील काढले. “एक ठोकताना बिघडलं तर दुसरं असू द्या,” म्हणाले आणि माझ्या शेजारी टॉर्च धरून बसले.

मी क्रँकशाफ्टवर नख फिरवलं. नख अडकलं. जुन्या सीलनं दांड्यावर बारीक खाच पाडली होती. नवं सील त्याच जागी बसवलं तर पुन्हा गळणार. ते दोन मिलिमीटर अलीकडे ठेवायचं आणि चारी बाजूंनी सारखं, हळू ठोकायचं. जोरात मारलं की ते तिरकं बसतं.

रेडिओ माझ्या डोक्याशी ठेवला होता.

“दादा, किती टाइम? ओव्हर.”

“पाऊण तास. ओव्हर.”

“भिंत बाहेर कलून राह्यलीय. लोकायला जिन्याच्या स्लॅबकडं सरकवून राह्यलो. जल्दी करा. ओव्हर.”

मी कडेला तेलाचं बोट फिरवलं, लाकडी ठोकळा ठेवला आणि टकटक ठोकत राहिलो. वर एक, खाली एक, डावीकडे, उजवीकडे. हात म्हणत होता, घाल घण आणि मोकळा हो. सीमेवर गोळीबारात होतो तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो. सील सरळ बसलं. क्लचची प्लेट पेट्रोलनं धुतली, पुसली, चढवली.

“रघू, शेवटचे बोल्ट आवळून राह्यलो. पाच मिनिटं. ओव्हर.”

“बराबर. एक आजी तेवढ्या राह्यल्या इकडं. त्यायला उचलतो अन् बोलतो. ओव्हर.”

तो पुन्हा बोलला नाही. बारा दहाला मी इंजिन सुरू केलं. गाडीनं ट्रेलर पहिल्या झटक्यात उपसला. बारा पंचविसाला बोट पाण्यात होती. दोन फेऱ्यांत सोळाच्या सोळा माणसं अलीकडे आली. ती आजीही. तिला रघूनं स्लॅबवर ढकललं आणि त्याच क्षणी भिंतीबरोबर गच्चीचा तो कोपरा त्याच्यासकट गेला. दोरी भिंतीखाली तुटली. किनाऱ्यावरच्यांच्या घड्याळात तेव्हा बारा सतरा झाले होते. त्याच्यासाठी आमची बोट म्हणजे वरातीमागून घोडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला धारेच्या खालच्या अंगाला बाभळीत भोई लोकांना तो सापडला.

संध्याकाळी मी मेजर साहेबांसमोर उभा राहिलो. “साब, लीकेज था. मैंने सीपेज लिखा.” चौकशी झाली. मला शिक्षा झाली, ती कमी होती. नोकरी पूर्ण करून मी घरी आलो.

त्या पुरानंतर दोन महिन्यांनी मी वाटूरला रघूच्या आईकडे गेलो होतो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

“आई, ती गाडी मी पास केल्ती. गळत होती. खोटी सही केली मी.”

तिचे हात थांबले नाहीत. “त्याला ठावं व्हतं?”

इथवर एक गोष्ट मी तुम्हाला सांगायची टाळली. त्या सकाळी रघुनाथ ट्रेलर जोडायला आला होता. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, “दादा, हे तर टपकून राह्यलंय.” मी म्हणालो, “बस गाडीत.” तो बसला.

तिलाही मी हेच सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“मला सांगून तू हलका होशील. मला न्हाई करायचं तुला हलकं. गाड्यावाले बसतेत ना, तिथं सांग. त्यानं तुला सांगितल्तं, हे बी सांग. त्याचं नाव घेऊन सांग.”

म्हणून मी सांगत फिरतो. ड्रायव्हर लोकांच्या बैठकीत, गॅरेजवर, शाळेत बोलावलं तर शाळेत. असं चारचौघांत सांगून मी हलका होत नाही, हे तिला आधीच कळलं असावं.

लान्स नायक रघुनाथ, राहणार वाटूर, तालुका परतूर. वय सत्तावीस. तो माझ्यापेक्षा कनिष्ठ होता, आणि त्या सकाळी गाडी त्यानं बरोबर तपासली होती.