बासुंदीतली पाल

मले पाच भाषा येतात. निदान आमच्या पोरीले, वैशूले पाहाले तळेगावचे पाहुणे आले, त्या दिवसापर्यंत तरी येत होत्या.

आमचं पुलगाव वर्धा नदीच्या काठी. (नाव पुलावरून पडलं, हे मी कोणालेही सांगतो. तो विचारो न विचारो!) रेल्वे आली, कापडाची गिरणी आली, अन् त्यांच्या मागं माणसं आली. आमच्या एका गल्लीत मारवाडी, सिंधी, तेलुगू, हिंदीवाले अन् आपण. मागच्या खेपेचे पाहुणे हा इतिहास ऐकता ऐकता गिरणीपाशीच उठून गेलते. म्हणून बायकोनं सकाळीच दम भरला, "पोरीचं लग्न होऊ द्या हो! आज तोंड उघडाचं नाई!"

पाहुणे बसले. पोराचे वडील सहज म्हणाले, "बाप्पा, तुमच्या गल्लीत किती भाषा ऐकू येतात!"

हे तर आमंत्रणच झालं! "मले सगळ्या समजतात," मी छाती फुगवून म्हणालो. बायकोनं डोळे वटारले.

तेवढ्यात सैपाकघरातून आरोळी आली, "पालु! पालु!"

शेजारची लक्ष्मीअक्का चहाच्या दुधावर लक्ष ठेवून होती, बाजूलेच पाहुण्यांसाठी केलेल्या बासुंदीचा गंज उघडा होता. मराठी झकास बोलते, पण घाबरली की तिले तेलुगूच सुचते.

"काय झालं?" पाहुण्यांनी विचारलं.

"पाल!" मी भाषांतर केलं. (मागचा 'उ' ते लोक हौसेनं लावतात, हे माझं भाषाशास्त्र!) "बासुंदीत पाल पडली!"

पोराची आई किंचाळून पाय वर घेऊन बसली. मी धावलो, बासुंदीचा गंज उचलला अन् अख्खा मोरीत उपडा केला!

"अण्णा, काऊन फेकली?" अक्का आ वासून पाहत होती.

"पाल होती ना त्यात!"

"अय्यो रामा! पालु म्हणजे दूध! दूध उतू चाललं म्हणून राह्यली मी!"

बासुंदी मोरीत, अन् तोवर दूधही सगळं गॅसवर. बायकोनं रिकामा गंज माझ्या हातात दिला. हे फार वाईट लक्षण! मले वाटलं, पोरीचं जमता जमता मोडलं, अन् तेही माझ्यापायी.

तेवढ्यात दारातली वैशू फिसकन हसली. मग थांबेचना, डोळ्यात पाणी येईस्तोवर हसली. पोरगा तिच्याकडं पाहतच राह्यला. पाहुण्यांनी काळा चहा घेतला अन् जाता जाता होकार देऊन गेले.

लग्नात मी तोंडातून चकार शब्द काढला नाई. पण आता जावई आला की तोच चहा करता करता मुद्दाम ओरडून विचारतो, "बाबा, तुमच्या चहात पाल किती टाकू?"

गल्लीतले पाचही भाषांचे लोक एकदमच हसतात. भाषांतर कोणालेच लागत नाई!